कामाचा हात

मिस्त्रींच्या तोंडून 'डावा हात' आणि 'उजवा हात' हे शब्द मी कधी ऐकले नाहीत. रस्ता सांगताना डावीकडे वळ, उजवीकडे वळ असं म्हणायचे, त्यात काही नाही. पण माणसाच्या हातांना त्यांच्याकडे वेगळी नावं होती. एक कामाचा हात आणि एक जोडीचा हात. कुणाचा कुठला हे विचारून घ्यायचं, गृहीत धरायचं नाही. दुकानात नवं माणूस आलं की नाव विचारायच्या आधी त्यांचा प्रश्न असायचा, "तुमचा कामाचा हात कुठला?" लोक गोंधळायचे. काही जण तर दोन्ही तळवे पुढे करायचे, जसं काही हे भविष्यच सांगणार आहेत.

मिस्त्री मूळचे संगमेश्वराकडचे. अंबरनाथच्या कारखान्यात टूलरूमला तीस वर्षं काढली, रिटायर झाले आणि महिन्याभरात घरी बसून कंटाळले. मग उल्हासनगरला चार नंबर कॅम्पात एका सिंधी सेठचं बंदूक दुरुस्तीचं परवानाधारक दुकान होतं, तिथे जाऊन बसायला लागले. रानडुकरं हाकायला शेतकरी ठेवतात तसल्या जुन्या बंदुका आणि आमच्यासारख्या नेमबाजी क्लबांच्या रायफली तिथे दुरुस्तीला यायच्या. बुटका माणूस, जाड भिंगांचा चष्मा, खिशाला सहा इंची स्टीलची पट्टी लावलेली. बोलणं कमी. एकदा कानस हातात घेतली की समोर कोण उभं आहे याचा त्यांना पत्ता नसायचा.

आता माझं सांगते. मी जन्माची डावरी. आमचं घर अंबरनाथ पश्चिमेला, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव गेले, उपास गेले, नवस गेले, मुहूर्त गेले. एवढं सगळं गेलं, पण डाव्या हाताचा विटाळ तेवढा कुठल्यातरी फटीत लपून राहिला. आई वंदनेला बसली की मला म्हणायची, फुलं त्या हातानं वाहू नकोस. जेवताना तेच, कुणाला काही देताना तेच. शाळेत बाईंनी पट्टीनं मारून मला उजव्या हातानं लिहायला लावलं. ते अक्षर अजून कोंबडीचे पाय आहे. आईवर माझा राग नव्हता, अजूनही नाही. पण आपल्या अंगात काहीतरी चुकीचं बसवलंय असं वाटतच मी मोठी झाले.

कॉलेजात एन.सी.सी.त पहिल्यांदा रायफल हातात आली आणि मी न विचारता ती डाव्या खांद्याला लावली. पाच गोळ्या, पाचही एका रुपयाएवढ्या जागेत. आमचे सर फौजेतून निवृत्त झालेले, कौतुक करणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी तो कागद दोनदा उलटसुलट करून बघितला आणि मला रविवारी जांभूळ रस्त्याला टेकडीखालच्या त्यांच्या नेमबाजी क्लबच्या रेंजवर यायला सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा माझा डावा हात कुणाला हवा होता. मी त्या रविवारची वाट कशी बघितली ते माझं मला माहीत.

पण क्लबात खरा घोळ कळला. रायफल बनवणाऱ्यानं सगळं उजव्यांसाठी बनवलेलं असतं. दर गोळीनंतर, पुढची गोळी भरायला, बोल्ट मागेपुढे करावा लागतो आणि त्याची दांडी असते उजवीकडे. उजवा माणूस पडल्या पडल्या, खांदा न हलवता, ट्रिगरवरचा हात उचलून दांडी ओढतो. मला दर गोळीला रायफल खांद्यावरून उतरवून, आडवी करून, वरून हात टाकून ती ओढावी लागायची. मग पुन्हा खांदा, पुन्हा गाल, पुन्हा श्वास. खांद्याला लावायच्या लाकडी दस्त्यावरचा, गालाला टेकायचा उंचवटाही पलीकडच्या बाजूला. सेफ्टीचा खटका पलीकडे. चाळीस गोळ्यांच्या स्पर्धेत वेळ संपायचा तेव्हा माझ्या सहासात गोळ्या डब्यात तशाच शिल्लक असायच्या. ज्या उडवल्या त्या मधोमध, आणि न उडवलेल्यांचे शून्य गुण.

जिल्ह्याची निवड महिन्यावर आली तेव्हा सरांनी मला बाजूला घेतलं. ते म्हणाले, एक तर उजवी हो, नाहीतर जागा दुसऱ्या मुलीला दे. वाईट वाटून घेऊ नकोस, हा नियम माझा नाही, घड्याळाचा आहे. मी आठवडाभर उजव्या खांद्यानं मारून बघितलं. गोळ्या सगळ्या संपायच्या, पण कुठे जायच्या ते त्या टेकडीला ठाऊक. म्हणजे शाळेतल्या पट्टीचाच खेळ पुन्हा. जिच्यात मी चांगली होते अशी एकच गोष्ट मला सापडली होती, आणि तीसुद्धा त्याच हातापायी जात होती. शेवटी सरांनाच काय वाटलं कोण जाणे. क्लबच्या नावावरची एक जुनी रायफल, तिचे परवान्याचे कागद, त्यावर दुरुस्तीच्या परवानगीची आपली सही आणि मी, एवढं सगळं घेऊन ते चार नंबरला मिस्त्रींकडे आले.

मिस्त्रींनी मला नेहमीचा प्रश्न विचारला. मी जरा चाचरतच डावा हात वर केला. त्यांनी तो हातात घेतला, पालथा केला, उताणा केला. एका दोऱ्यानं एकेक बोट मापलं, अंगठ्याला गाठ मारून खूण केली. मग रायफल घेऊन जमिनीवर पडायला सांगितलं. मी रिकाम्या रायफलीचा बोल्ट चाळीस वेळा ओढला, ते शेजारी उकिडवे बसून बघत राहिले. उठल्यावर सरांना म्हणाले, होईल. तीन आठवडे लागतील. पण पहिला आठवडा मी रायफलीला हात लावणार नाही.

सेठ गल्ल्यावरून म्हणाला, "साईं, उलटाच तर बसवायचा आहे. इथे कुणी पण करून देईल." खोटं नव्हतं. उल्हासनगरात तेव्हा कुठल्याही वस्तूची नक्कल चार दिवसांत मिळायची. पण डाव्या हातासाठीची नक्कल आजवर कुणी मागितली नव्हती. मिस्त्री त्याला फक्त म्हणाले, "सेठ, मला आधी कळू तरी दे." आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी गमछ्यानं स्वतःचा उजवा हात पट्ट्याला बांधून टाकला.

हे मी ऐकलं तेव्हा मला हसू आलं नाही, धडकी भरली. हातात एकवीस दिवस आणि हे गृहस्थ त्यातले आठ दिवस हात बांधून बसणार. दुकानात गेले तर मिस्त्री एका हातानं चहाचा ग्लास सांभाळत बसलेले, हनुवटीवर दाढी करताना कापल्याच्या तीन चिकटपट्ट्या. येणाराजाणारा विचारायचा, हात मोडला काय. ते मान हलवायचे. समोर एक शंभर पानी वही उघडी. तिच्यात डाव्या हातानं, पहिलीतल्या पोराच्या अक्षरात, दिवसभर काय काय अडलं ते लिहायचे. 'दिवस पहिला. बटण लागत नाही. दाराची कडी उलटी. कात्री कापत नाही, चावते.'

मी म्हटलं, मिस्त्री, रायफलीचं बघा ना, कात्रीचं काय घेऊन बसलात. त्यांनी वर बघितलं. "तू कात्रीनं कापतेस कशी गो बाय?" मी म्हटलं, मी नाही कापत, आई कापून देते. त्यांनी वहीत आणखी एक ओळ लिहिली.

त्याच आठवड्यात त्यांच्या आळीत, बदलापूर गावात, एक लग्न होतं. मिस्त्री पंगतीत बसले ते डाव्या हातानं जेवायला. वाढपी वरणाचं भांडं घेऊन तसाच उभा. शेजारचे म्हातारे सरकून बसले. कुणीतरी काकूंना, म्हणजे मिस्त्रींच्या बायकोला, आत जाऊन सांगितलं, तुमच्या घरच्यांना काय झालंय बघा. काकू मला हे नंतर सांगायच्या तेव्हा हसून डोळे पुसायच्या, पण त्या दिवशी मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं म्हणायच्या. घरी येऊन त्यांनी नवऱ्याला फैलावर घेतलं, निदान चारचौघांत तरी हात सोडायचा होता. मिस्त्री म्हणाले, "तिला चारचौघांतच त्रास होतो ना."

आठव्या दिवशी मी दुकानात गेले तेव्हा गमछा सुटलेला होता. उजव्या मनगटावर वळ उठले होते, ते चोळत बसले होते. म्हणाले, "बस. आठ दिवसांत मी रडकुंडीला आलो. तू अठरा वर्षं कशी काढलीस गो?"

मला हे कधी कुणी विचारलं नव्हतं. रागावले होते, हसले होते, मारलंही होतं, पण हे नाही विचारलं. मी तिथे, सेठच्या दुकानात, तेलाच्या वासात आणि गिऱ्हाइकांसमोर रडले. मिस्त्रींनी समजूतबिमजूत घातली नाही. हात पुसायचा बोळा होता तोच पुढे केला. सगळं तोंड तेलकट झालं.

मग मात्र हात चालायला लागला. बोल्टची दांडी वळवून माझ्या बाजूला आणली. शिसवीचा नवा दस्ता घडवला, गालाचा उंचवटा माझ्या गालाच्या मापाचा. सेफ्टीचा खटका माझ्या अंगठ्याखाली आला. मी कॉलेज सुटलं की अंबरनाथहून जायची, ते सांगतील तशी जमिनीवर पडायची, ते गालाखालचा लाकडाचा केसभर थर काढायचे, पुन्हा पडायची. सरांचा निरोप रोज यायचा, झालं का. मिस्त्रींचं उत्तर रोज एकच, होतंय. निवडीला चार दिवस उरले तेव्हा रायफल तयार झाली. मी ती खांद्याला लावली आणि कुठेच काही टोचलं नाही. मला वाटलं जिंकलं.

रेंजवर नेली आणि पहिल्या दहा गोळ्यांतच सगळं बिघडलं. वेळ हवा तेवढा मिळत होता, पण गोळ्या एकामागून एक बाजूला सरकत गेल्या, शेवटच्या दोन तर कागदाबाहेर. सर तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले आणि चालू लागले. मिस्त्री माझ्यामागे स्टुलावर बसले होते. त्यांचा चेहरा मला आजही आठवतो. एवढा अपराधी चेहरा मी त्यानंतर कुणाचा पाहिला नाही.

ते मला म्हणाले, पुन्हा मार, पण सावकाश, आणि काय करतेस ते बोलत मार. मी बोलत गेले. वारा आहे, म्हणून निशाण जरा सरकवते. हात बटणाकडे गेला आणि ते ओरडले, थांब. मागच्या साइटला, म्हणजे डोळा लावून नेम धरतात त्या भागाला, कडेला एक बटण असतं, ते फिरवलं की निशाण डावीउजवीकडे सरकतं. मूळच्या रायफलीत ते उजवीकडे होतं आणि मी ते उजव्या हातानं, न बघता, चिमटीत धरून फिरवायची. मिस्त्रींनी सगळं उलटवलं त्यात साइटही फिरवली. बटण डावीकडे आलं आणि फिरवायची दिशाही उलटी झाली. माझी चिमूट मात्र जुनीच. जेवढी दुरुस्ती करायला जाई तेवढी गोळी आणखी लांब जाई.

मिस्त्रींनी ते बटण दोन्ही बाजूंना फिरवून बघितलं. मग म्हणाले, "आठ दिवस हात बांधला आणि मला वाटलं मला समजलं. तू अठरा वर्षं आमच्या जगात राहिलीस, तुझा जोडीचा हात आमच्यापेक्षा शहाणा झालाय. मी उजव्याचं उलटं केलं. तुझं नाही केलं." तिथेच स्टुलावर बसून त्यांनी पेचकस काढला आणि साइट होती तशी उजवीकडे बसवली. अर्ध्या तासानं मी पुन्हा पडले. दहाच्या दहा गोळ्या मधे गेल्या. सर परत आले, दुर्बिणीतून बघितलं आणि मिस्त्रींना चहा विचारला. सरांच्या हिशोबात हे पदक होतं.

निवडीला माझ्या चाळीसच्या चाळीस गोळ्या उडाल्या आणि पाच मिनिटं शिल्लक राहिली. त्या पाच मिनिटांत मी नुसती पडून राहिले, रायफलीवर गाल टेकून. यादीत माझं नाव शेवटचं होतं, पण होतं. मिस्त्रींना सांगायला गेले तर ते कुठल्याशा शेतकऱ्याची गंजलेली बंदूक घासत होते. बरं झालं म्हणाले आणि कागदात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या हातात दिलं. कात्री होती. पाती, वळण, बोटांची भोकं, सगळं माझ्या कामाच्या हाताचं, त्या दिवशीच्या दोऱ्याच्या मापाचं. म्हणाले, "रायफल क्लबाची. ही तुझी."

कात्रीची गोष्ट इथे संपत नाही. दुसऱ्या दिवशी आई परकराचा नाडा कापायला बसली आणि जवळ पडलेली ती कात्री उचलली. दोनदा दाबली, चारदा दाबली. ही कसली कात्री आणलीस, म्हणाली, कापतच नाही, नुसती चावते. मी शेजारी बसून वाटाणे सोलत होते. आईनं कात्री वरखाली करून बघितली, बोटं अडकवून बघितली, आणि तिचा हात हळूहळू थांबला. "तुला असंच होत होतं सगळं?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं. संध्याकाळी वंदनेच्या वेळी तिनं फुलांची ताटली माझ्यापुढे धरली आणि दुसरीकडे बघत म्हणाली, ज्या हातानं वाहायचीत त्या हातानं वाहा.

मी पुढे चार वर्षं नेमबाजी केली. राज्यापर्यंत गेले, त्यापुढे नाही. मग बँकेत लागले, लग्न झालं, डोंबिवलीला गेले. वर्षातून एकदा, दिवाळीच्या आसपास, बदलापूरला मिस्त्रींकडे जायची. काकू घावणे करायच्या. क्लबातल्या त्या रायफलीवर आणखी दोन डावऱ्या मुली तयार झाल्या होत्या, त्यांची तेवढी ते माझ्याकडे चौकशी करायचे. त्यातली कोण पुढे आली, कितवी आली, याच्यात त्यांना रस नव्हता. साइटचं बटण कुठल्या बाजूला ठेवलंय, एवढं विचारायचे.

सत्त्याण्णवच्या पावसाळ्यानंतर काकूंचा बँकेत फोन आला. मिस्त्रींना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. बातमी माझ्यापर्यंत पोचली तेव्हा दीड महिना उलटला होता. मी त्याच शनिवारी गेले. ते पडवीत खुर्चीवर बसले होते, उजवा हात मांडीवर ठेवलेला, दुसऱ्याच कुणाचा असावा तसा. मला बघून तोंडाची एक बाजू हसली. शब्द जड येत होते. मी उगाच पावसापाण्याचं बोलत राहिले.

काकू आतून चहा घेऊन आल्या. म्हणाल्या, उठून बसता आलं त्या दिवशी पहिल्यांदा काय मागितलं असेल, सांग. मला वाटलं हे पाणी मागतायत. ट्रंकेकडे बोट. सगळी ट्रंक उपसायला लावली तेव्हा ही मिळाली. त्यांनी माझ्या मांडीवर ती शंभर पानी वही ठेवली.

पानं पिवळी पडली होती. दिवस पहिला, बटण लागत नाही. दिवस दुसरा, दिवस तिसरा, आठव्यापर्यंत. सगळी ओळखीची वाकडी अक्षरं, विटलेली निळी शाई. मी पुढचं पान उलटलं. तेच पहिलीतल्या पोराचं अक्षर, पण शाई ताजी.

'दिवस नववा. बटण लागत नाही. दाराची कडी उलटी. कात्री बायकडे आहे.'

ती कात्री तेव्हाही माझ्या पर्समध्ये होती. नेहमीच असते. मी काढून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी डावा हात पुढे केला, अंगठा घालून बघितला, पण माझ्या मापाच्या भोकात त्यांचा अंगठा निम्मासुद्धा जाईना. त्यांनी कात्री डोळ्यांजवळ नेली आणि सावकाश, एकेक शब्द जुळवत म्हणाले, "घासावं... लागेल."

मी काकूंकडे दोरा मागितला. त्यांचा अंगठा हातात घेतला, भोवती दोरा गुंडाळला आणि मापाला गाठ मारली. मग ट्रंकेतली कानस काढली आणि पडवीच्या पायरीवर बसून कात्रीचं भोक घासायला लागले. संध्याकाळपर्यंत घासत होते. मिस्त्री समोर बसून बघत होते, आणि माझी कानस चुकली की पायानं जमिनीवर ठोकायचे.